अंतराळवीराचा कोरा पोशाख

"टेलर पँटी शिवतो मावशी, मी पोशाख शिवतो," असं सांडू मला पहिल्याच दिवशी म्हणाला. मी म्हटलं, बरं बाबा, पोशाख शीव, पण गुरुवारच्या आत शीव, शुक्रवारी शाळेचं गॅदरिंग आहे. पायमशीनवर बसला आणि त्या दिवसापासून आमच्या दुकानाचाच झाला.

मी मालनबाई. औरंगपुऱ्याच्या एका बोळात आमचं पोशाख भाड्यानं द्यायचं दुकान आहे. आमचे हे गेल्यावर लोक म्हणाले, बाई, विकून टाका. मी म्हटलं, तुम्हाला कुणी विचारलं होतं? तेव्हापासून मीच चालवते. मावळे, झाशीची राणी, वासुदेव, भाजीवाली, वकील, सगळं मिळतं. सगळ्यात जास्त जातं ते झाड. ज्या पोराला स्टेजवर बोलता येत नाही त्याला बाई झाड करून उभं करतात.

सांडू मूळ पिशोरचा, धनगराचा. त्याचे वडील मुंजाबा अजून मेंढरं राखतात. सांडू बायकोला, राजाबाईला घेऊन पडेगावला खोली करून राहायचा आणि सायकलवर दुकानात यायचा. त्याच्या आधी त्याच्या आईची तीन लेकरं गेली होती. म्हणून ह्याचं नाव ठेवलं सांडू. सांडलेलं, टाकलेलं, कुणाला नको असलेलं. म्हणजे काळाचीही नजर पडायची नाही. हसू नका, आमच्या घरातही होतं हे. माझ्या सख्ख्या भावाचं नाव धोंडू त्याचपायी.

नावावर भागत नाही. अशा लेकराला कोरं कापडही घालायचं नाही. ज्यांची लेकरं धडधाकट आहेत अशा पाच घरी पदर पसरून जुनं कापड मागून आणायचं आणि तेच घालायचं. मागल्याचं लेकरू म्हणतात त्याला. सांडू दहा वर्षांचा होईतो लोकांच्या पोरांच्या उतरलेल्या सदऱ्यांत वाढला. मागून आणलेलं कापड कधी अंगाला नीट बसतं का? कुठं बाही लांब, कुठं काख घट्ट. आई दिवसभर मेंढरांमागं, मग हाच सुईदोरा घेऊन बसायचा. स्वतःचे सदरे मापाला घालता घालता शिवणकाम शिकला. मला सांगताना हसायचा. "मावशी, मी जगलो तेच उतरलेल्या कापडावर," म्हणायचा. थट्टेत नाही म्हणायचा. खरंच मानायचा.

आणि मानणार नाही तर काय? त्याच्या पोटची पहिली दोन पोरं गेली. एक बाळंतपणातच, दुसरं रांगायला लागल्यावर. मग झाली ज्ञानेश्वरी. मुंजाबा पिशोरहून आला आणि नातीच्या पाळण्याशी बसून बोलला, "हिला मागल्याचं करा. दहावं सरलं की देवाला नेऊ, तिथं कोरं नेसवू. तवर अंगाला कोरा दोरा लागता कामा नये." राजाबाई त्याच दिवशी पदर पसरून निघाली. पहिल्यांदा माझ्या घरी आली. मी नातवाचं झबलं दिलं.

म्हणजे गंमत बघा. बाप अख्ख्या शहराच्या पोरांना कोरे पोशाख शिवणारा आणि त्याची पोर उतरलेल्या कपड्यात. पण सांडूला त्यात काही खटकायचं नाही. उलट तो म्हणायचा, "आपल्या दुकानातला एकेक ड्रेस शंभर लेकरांनी घातलेला असतो मावशी. समदी खेळती, दंगा करणारी. असलं कापड पाच घरी मागून तरी मिळंल का?" त्यामुळं ज्ञानू शाळेतून आली की परत आलेल्या गठ्ठ्यात शिरायची. कधी परी होऊन वही लिहायची, कधी वकील होऊन शेंगा खायची. झाड व्हायला मात्र तयार नसायची. "आज्जी, झाडाला बोलता येत नाय," म्हणायची. बोलायला लई पुढं होती.

मग हे हॅलोविन आलं. मला आधी कळेचना. दौलताबाद रोडच्या एका नव्या सोसायटीतली बाई येऊन म्हणाली, भुताचे बारा ड्रेस द्या. मी म्हटलं, बाई, दिवाळी तोंडावर आली आणि भुतं काय मागता? आपल्याकडं पितरं येतात ती पंधरवड्यात खीर-वडे खाऊन गुमान माघारी जातात. ह्यांची भुतं दारोदार चॉकलेट मागत हिंडतात म्हणे. पण धंद्याला तोंड वाकडं करून चालत नाही. सांडूनं काळ्या कापडावर हाडं चिकटवून भुतं करून दिली.

चांद्रयान उतरलं आणि भुतांचा भाव पडला. आता जो तो म्हणतो, आमच्या पोराला अंतराळवीर करा. हॅलोविनला अंतराळवीर, गॅदरिंगला अंतराळवीर, सव्वीस जानेवारीला अंतराळवीर. सांडूच्या अंगात आलं. मोबाइलवर फोटो मोठा करकरून बघायचा. पांढरं कापड, आत पातळ फोम, सांध्यांवर चंदेरी पट्टी. पाठीवर थंड पेयाच्या दोन बाटल्या चंदेरी रंगवून लावल्या, त्यांना कूलरचा पाइप जोडला. डोक्याला पाण्याचा जार कापून घातला. दंडावर तिरंगा. आणि छातीवर ज्याचं त्याचं नाव शिवून द्यायचा. पोशाख परत आला की नाव उसवायचं, दुसऱ्याचं घालायचं. ज्ञानू जो पोशाख घालायची त्याच्या छातीवर असल्या उसवलेल्या नावांची भोकंच भोकं असायची.

ती भोकं ती बोटानं चाचपायची आणि विचारायची, "आज्जी, हा कोण होता?" मला कुठं आठवणार? मी म्हणायचे, असेल कुणी साखरेचं पोतं, बघ पोट किती सैल झालंय.

त्या पोरीला अंतराळाचं वेड लागलं ते खरं वेड. शाळेतल्या बाईंनी काही दाखवलं, काही मोबाइलवर बघितलं. मशीनशेजारी बसून बटणं लावता लावता बापाला शिकवायची.

"पप्पा, वर गेलं की वजनच राहात नाय. आबांचे गुडघे दुखायचेच नायत."

"आबा वर गेला तर मेंढरं कोण राखील?"

"मेंढरं पण न्यायची. तरंगत चरतील."

"काय चरतील, तुझं डोस्कं? तिथं गवत हाय का?"

तिनं एक बटण लावलं. मग म्हणाली, "नाय. मग आबा यायचाच नाय."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण लगेच तिनं दुसरं काढलं. म्हणाली, "तिथं हवा नसती पप्पा. हवा समदी पोशाखात असती. शिलाई उसवली की माणूस खलास. म्हंजी शिवणारा माणूस लई भारी पायजे." त्या दिवसापासून सांडू अंतराळवीराला डबल शिलाई मारायला लागला. मी म्हटलं, अरे, ही पोरं सोसायटीच्या पार्किंगच्या वर जाणार नाहीत, दोरा कशाला नासतोस? तर म्हणतो, "असू द्या मावशी, पोरीनं सांगितलंय."

मागच्या वर्षी हॅलोविनच्या आधी एक बाई सम्यक नावाच्या तिच्या मुलासाठी माप देऊन गेली. सांडूनं जीव ओतून पोशाख केला. नवं कापड, नवा फोम, जारला सोनेरी कागद. नाव तेवढं बाकी ठेवलं होतं, स्पेलिंग कळवते म्हणाली होती. आणि आदल्या दिवशी तिचा फोन आला, पोराला कांजिण्या आल्यात, आता नको. झालं. कोरा पोशाख दुकानात लटकला. कुणाच्या अंगाला न लागलेला. आणि माप बरोबर ज्ञानूचं.

पोर शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि त्या पोशाखासमोर उभी राहिली. छातीवर हात फिरवणार तेवढ्यात सांडू मशीनवरून ओरडला, "हात नको लावू! कोरा हाय त्यो."

तिनं हात मागं घेतला. "पप्पा, ह्याच्यावर भोकंच नायत," म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मी एकदा घालू? सोसायटीत न्यायचे ते बाकीचे ड्रेस द्यायला तुमच्यासंगं येते. तिथं समदी घालून असत्यात. वर जाणाऱ्याला कुणी जुना पोशाख देतं का?"

सांडू परत मशीन मारायला लागला. माझंच टाळकं फिरलं. मी म्हटलं, "सांडू, घालू दे तिला. अरे, माणसं चंद्रावर यान उतरवून मोकळी झाली आणि तू अजून काळाला चकवायला पोरीला चिंध्या घालतोस? लाज नाही वाटत?"

"चिंध्या नायत मावशी," तो म्हणाला.

"मग काय आहे? दे तो इकडं, मी घालते तिला."

तसा तो उठला. इतक्या वर्षांत माझ्यापुढं आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "तुमची दोन गेली व्हती का? माझी गेलीत. दोन्ही येळंला कोरी झबली मीच शिवली व्हती. ह्या हातांनी. हौसंनं. आबा नको म्हणत असताना." त्यानं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. "मार्गशीर्षात दहावं सरतंय. तवर मला छळू नका."

मी कुलूप-किल्ल्या आवरायला लागले. ज्ञानूच बापाजवळ गेली. म्हणाली, "पप्पा, राहू द्या. मार्गशीर्षात घालीन. पण हा दुसऱ्या कुणाला देऊ नका हं."

"नाय देत."

"शप्पत?"

"तुझ्या आबाच्या मेंढरांची शप्पत."

पोशाखावर प्लास्टिक चढवून सांडूनं तो माझ्या खुर्चीमागं वर टांगला. दोनदा गिऱ्हाईक आलं, चांगले पैसे द्यायला तयार होतं. मीच नाही म्हटलं. ज्ञानू रोज यायची, खाली उभी राहून बघायची आणि प्लास्टिकवरून पोशाखाचा पाय हलवायची. मला सांगायची, पिशोरला देवाला जाताना एसटीत हा घालूनच बसणार, कंडक्टर अर्धं तिकीट मागेल तर सांगणार, वजन नाही माझं. मी म्हटलं, वजन नसलं तरी जीभ आहे की, तिचं फुल्ल तिकीट घेईल.

दिवाळी झाली आणि पडेगावच्या त्यांच्या गल्लीत तापाची साथ आली. ज्ञानूला ताप आला. गोळीनं उतरला, परत चढला. डेंगू निघाला. दवाखान्यात ठेवली. मी गेले तेव्हा पलंगावर उठून बसली होती, हाताला सुई. मला म्हणाली, "आज्जी, माझ्या पाइपात पण पाणी सोडलंय. फक्त जार राह्यला डोक्यावर." राजाबाईनं तिच्या अंगावर घरनं आणलेली परीची जुनी ओढणी पांघरली होती. दवाखान्यातली चादर नवी दिसत होती म्हणून तिनं ती काढून ठेवली होती. त्या माउलीनं तिथंही जपलं हो. अंगाला कोरा दोरा लागू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोर गेली.

मला राग येतो. अजून येतो. कुणाचा ते सांगता येत नाही. देवाचा म्हणा, डासाचा म्हणा, त्या रीतीचा म्हणा. इतकं सगळं पाळून घेतलं त्या माणसांकडून आणि द्यायच्या वेळी हात आखडला. मला कुणी देवाचं सांगायला आलं की मी त्या दिवसापासून उठून आत जाते.

त्या सकाळी मी दुकानाचं शटर अर्धं वर करून तशीच बसले होते. बाहेर गाडी थांबली. सांडू आला, मागं मुंजाबा. म्हाताऱ्याच्या खांद्यावर घोंगडं, पोरीचं बिघडलंय कळल्यावर रात्रीतून पिशोरहून आलेला. ज्ञानूला गावाकडं नेत होते, त्यांच्या रानात माती द्यायला.

मुंजाबा दारातच उभा राहिला. म्हणाला, "मालनबाई, वावभर कापड फाडून द्या. पांढरं. शेवटाला कोरं लागतं लेकराला."

वाक्य तोंडातून निघालं आणि त्याचं त्यालाच कळलं असावं. दहा वर्षं ज्यानं नातीच्या अंगाला कोरा दोरा लागू दिला नाही, तोच कोरं मागायला आला होता. म्हातारा मटकन पायरीवर बसला आणि घोंगड्यात तोंड घालून रडायला लागला.

सांडू म्हणाला, "फाडायचं कशाला? शिवलेला हाय."

त्यानं माझ्या खुर्चीवर चढून पोशाख खाली काढला. प्लास्टिक काढलं. मशीनवर बसला. छातीवरच्या पट्टीवर निळ्या दोऱ्यानं नाव घातलं, ज्ञानेश्वरी, पूर्ण. एवढं लांब नाव त्या पट्टीत बसवायला त्याला अक्षरं बारीक करावी लागली. घाई केली नाही. नाव झाल्यावर पोशाख उलटा केला आणि काखेत, खांद्याला, पायाला सगळीकडं शिलाई तपासली. एका जागी त्याला कच्ची वाटली. तिथं परत डबल मारली. बाहेर गाडीवाला हॉर्न देत होता. मी बाहेर जाऊन त्याच्यावर ओरडले, म्हटलं, हॉर्नला हात लावलास तर बघ.

गाडीत राजाबाई ज्ञानूला मांडीवर घेऊन बसली होती, भावकीतले दोघं सोबत होते. एक जण म्हणाला, असलं सोंग घालून माती देतात का? मुंजाबानं मान वर केली आणि म्हणाला, "तिचं हाय ते. तिला घालू द्या." जार तेवढा राजाबाईनं घालू दिला नाही. "तोंड बघू द्या मला माझ्या लेकीचं," म्हणाली. तो जार अजून त्यांच्या पडेगावच्या खोलीत फळीवर आहे. मी गेले की ती त्यावरची धूळ पुसत असते, नाहीतर नुकतीच पुसलेली असते.

मला वाटलं, सांडू आता येत नाही. तेरावा झाल्यावर आला. मशीनला तेल घातलं आणि विचारलं, "गॅदरिंगच्या ऑर्डरी किती हायत?" तेव्हापासून पोशाख शिवतोय. अंतराळवीरही शिवतो. तशीच डबल शिलाई. नाव मात्र तो घालत नाही, तेवढं मला करायला लावतो. माझी अक्षरं वाकडी येतात. येऊ देत.

ह्या वर्षी परत हॅलोविन आलं. दुकानभर पांढरं कापड, फोमचे तुकडे, चंदेरी पट्ट्या. दुपारी एक तरुण बाई आत आली. कडेवर तीन-चार महिन्यांचं बारकं लेकरू, जुन्यापान्या फडक्यात गुंडाळलेलं. गिऱ्हाईक वाटेना. आत येऊन तिनं पदर पसरला.

"आज्जी, मी शालू. इथंच मागं भाड्यानं राहते. माझी आधीची दोन गेली. हिला मागल्याचं केलंय. तुमच्या दुकानातलं लई लेकरांच्या अंगावरचं असतं म्हणून आले. एखादं फाटकं द्या."

मी सांडूकडं बघितलंच नाही. त्या बाईला काय माहीत? मी घाईघाईनं उठले, म्हटलं, थांब, देते, परत आलेल्या गठ्ठ्यात बघते.

तेवढ्यात मशीन सुरू झालं. बघते तर सांडूनं ताग्यातनं पांढरं कापड घेतलं होतं. माप न घेता, नुसतं त्या लेकराकडं बघून कातर चालवली. बघता बघता झबलं झालं. पुढं बांधायचे बंद, खाली चंदेरी पट्टी. दोरा दातानं तोडला आणि तिच्यापुढं धरलं.

"हे घे."

शालू दोन पावलं मागं सरली. लेकराला छातीशी धरलं. "नको भाऊ. कोरं हाय. कोरं नको, लई भ्या वाटतं मला."

मला वाटलं, आता हा ओरडेल. नाहीतर तिला सगळं सांगेल, की बाई, काही उपयोग नाही ह्याचा, माझ्या पोरीनं दहा वर्षं जुनंच घातलं. सांगितलं असतं तर मी त्याला अडवलं नसतं. तो उभाच राहिला झबलं धरून. तिच्याकडं बघत होता, मग लेकराकडं. लेकरू मूठ चोखत होतं.

मग त्यानं ते झबलं दोन्ही हातांनी तोंडाला लावलं. डोळे पुसले त्यानं, गाल पुसले, परत डोळे पुसले. वर्षभरात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. कापड ओलं झालं, चुरगळलं.

"घे," म्हणाला. "आता कोरं नाय."

शालूनं ते घेतलं आणि तिथंच, माझ्या खुर्चीवर बसून, लेकराला घातलं.